चाहूल देणारी यंत्रे : घर, गोठा आणि वाडीसाठी



हल्ली बाजारात हालचाल ओळखणारे दिवे, धक्का लागताच वाजणाऱ्या घंटा आणि मोबाईलवर निरोप देणाऱ्या छोट्या डब्या सहज मिळू लागल्या आहेत. त्यांना इंग्रजीत सेन्सर म्हणतात, पुस्तकी मराठीत संवेदक. आपल्या भाषेत नेमका शब्द आहे तो चाहूल. म्हणून या पत्रकात आपण त्यांना चाहूलयंत्र म्हणू. ही यंत्रे आपल्या घरादाराला कशी उपयोगी पडतील, कुठे फसवतील आणि कोणत्या गोष्टीला ती कधीही जोडू नयेत, याची माहिती खाली दिली आहे. पत्रक जपून ठेवावे आणि खरेदीपूर्वी एकदा वाचावे.

जुनीच विद्या, नवे साधन

चाहूल घेणे आपल्याला नवीन नाही. राखणीला बसणारा माणूस कुंपणाच्या दोरीला रिकामे डबे बांधतो. जनावराचा धक्का लागला की डबे वाजतात आणि मांगरात झोपलेला माणूस जागा होतो. गुरांच्या गळ्यात घंटा बांधतो ती कशासाठी? रानात गुरू कुठे चरते ते कळावे म्हणून. आणि घंटा बराच वेळ वाजली नाही, तर गुराखी कान टवकारतो आणि शोधायला निघतो.

या दोन उदाहरणांत सगळा विषय आला. डब्यांची दोरी सांगते, “काहीतरी हलले.” गळ्यातली घंटा गप्प राहून सांगते, “हलायला हवे होते ते हलत नाही.” चाहूलयंत्रे हीच दोन कामे करतात. काय हलले आणि का थांबले, हे मात्र त्यांना कळत नाही. ते ओळखायचे काम आपले.

यंत्र कसे चालते?

पहिला प्रकार : उष्णतेची हालचाल ओळखणारे. याच्या तोंडावर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरे पडलेला पांढरा घुमट असतो. माणूस, गुरे, डुक्कर, कुत्रा अशा गरम रक्ताच्या प्रत्येक जिवाच्या अंगातून न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर पडत असतात. घुमटाच्या आत शेजारी शेजारी दोन पट्ट्या असतात. गरम अंग समोरून सरकले की किरण आधी एका पट्टीवर पडतात, मग दुसरीवर. हा फरक पडताच यंत्र दिवा लावते किंवा घंटा वाजवते. साध्या यंत्राची नजर सुमारे ५ ते ७ मीटरपर्यंत पोहोचते. यावरून चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१) समोरून आडवे जाणारे जनावर लवकर सापडते. यंत्राच्या रोखाने सरळ चालत येणारे उशिरा सापडते. म्हणून यंत्र वाटेच्या बाजूला, वाटेला आडवे बघेल असे लावावे.

२) स्थिर बसलेला जीव त्याला दिसत नाही.

३) हे किरण काचेतून जात नाहीत. खिडकीच्या काचेआड लावलेले यंत्र बाहेरचे काही बघत नाही.

४) एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हवाच अंगाइतकी तापते. मग अंग आणि हवा यांतला फरक कमी होऊन यंत्र मंद होते. रात्री आणि पहाटे ते चांगले चालते.

दुसरा प्रकार : कंपन ओळखणारे. याच्या साध्या नमुन्यात एका नळीत बारीक स्प्रिंग असते आणि तिच्या मधोमध एक तार. धक्का बसला की स्प्रिंग तारेला टेकते आणि घंटेचा मार्ग जोडला जातो. दुसऱ्या नमुन्यात एक चकती असते. तिच्यावर दाब किंवा धक्का आला की तिच्यात किंचित वीज तयार होते. गॅसची शेगडी पेटवायचा लायटर घरोघरी आहे. त्याचा खटका दाबल्यावर ठिणगी पडते ती याच गुणाने. कंपनाच्या यंत्रावर बहुधा एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवून यंत्राचा कान तिखट किंवा मंद करता येतो.

आपल्या जिल्ह्यातील मोठा धडा

हा विषय हौसेचा नाही, हे सांगणारी एक दुःखद घटना आपल्याच जिल्ह्यातली आहे. २२ जून २००३ च्या रात्री कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळावर आले. त्यावर गाडी आदळून पन्नासाहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर कोकण रेल्वेने धोक्याच्या डोंगरकापणीवर जमिनीचा झुकाव आणि सरकणे टिपणारी यंत्रे बसवली. मात्र यंत्रे बसली म्हणून पावसाळ्यातली गस्त बंद झाली नाही. आजही पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि गस्तीची माणसे रूळ तपासत चालतात.

असेच दुसरे उदाहरण ईशान्य भारतातील आहे. तिथे रुळांवर हत्ती येऊन अपघात होत. ईशान्य सीमा रेल्वेने २०२२ साली रुळांलगतच्या प्रकाशतंतूंच्या केबलमधून हत्तीच्या पावलांचे कंपन ओळखून स्टेशनला आणि गाडीच्या चालकाला सूचना देण्याची व्यवस्था चाचणी म्हणून सुरू केली. २००२ सालापासून दोडामार्ग भागात हत्ती येऊ लागले. तेव्हा हत्तीचे पाऊल म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला समजावून सांगायची गरज नाही.

या दोन्ही ठिकाणी यंत्र फक्त वर्दी देते. गाडी थांबवायची की नाही, हे माणसांनी घालून दिलेल्या नियमाने ठरते. आपल्या वाडीतही हाच क्रम ठेवावा.

आता उपयोग एकेक करून पाहू.

(१) गोठ्याची आणि न्हाणीची वाट

सुरुवात इथून करावी. खर्च थोडा आणि लाभ मोठा. हालचाल ओळखणारा एलईडी दिवा काही शे रुपयांत मिळतो आणि साध्या होल्डरमध्ये बसतो. रात्री खळ्यातून गोठ्याकडे किंवा न्हाणीकडे जाताना तो आपोआप लागतो आणि थोड्या वेळाने विझतो.

इथे एक गैरसमज दूर करू. हे यंत्र साप ओळखत नाही. सापाचे अंग भोवतालच्या हवेइतकेच गरम किंवा थंड असते. फुरसे वाटेत वेटोळे घालून बसले असेल, तर यंत्राला त्याचा पत्ताही लागणार नाही. पण यंत्र तुम्हाला ओळखते. तुम्ही पाऊल टाकण्याआधी दिवा लागतो आणि फुरसे तुमच्या डोळ्यांना दिसते. म्हणून दिवा असा लावावा की वाटेच्या सुरुवातीलाच, निदान चार-पाच पावले आधी, तो तुम्हाला टिपेल. दिवा लागला तरी पायात चप्पल आणि हातात बॅटरी असावीच.

(२) वाडीची राखण

“सायबानू, ह्यां यंत्र डुकराक वळाखता काय?” असे अनेक जण विचारतात. नाही, ओळखत नाही. डुक्कर, कुत्रा आणि शेजारचे काका त्याला सारखेच. म्हणून यंत्र सगळ्या वाडीभर लावण्यापेक्षा डुकराची येण्याची वाट शोधावी. गडगा कुठे ढासळला आहे, पाणंदीतून कुठे माती उकरली आहे, चिखलात खूर कुठे उमटले आहेत, ते दिवसा पाहावे. तिथे जमिनीपासून सुमारे दोन फुटांवर, वाटेला आडवे, झाडाच्या सावलीत यंत्र लावावे. समोर हलणारी केळीची पाने किंवा उंच गवत नको. तापलेली पाने वाऱ्याने हलली तरी यंत्र फसते.

घंटा वाडीत वाजवावी की मांगरात? दोन्हीकडे वाजवता आली तर उत्तम. एकच जागा परवडत असेल, तर माणूस झोपतो तिथे वाजवावी. कारण जनावर आवाजाला आणि दिव्याला सरावते. पहिले काही दिवस घाबरून पळेल. मग या आवाजामागे कोणी येत नाही हे त्याला कळले, की भोंगा वाजत असतानाच भात खाईल. आवाजामागून बॅटरी घेऊन माणूस आला, कुत्रा भुंकला, तरच भीती टिकते. भोंग्याची जागा आणि आवाजही अधूनमधून बदलावा. मात्र गवा किंवा हत्ती असेल तर एकट्याने अंगावर जाऊ नये. लांबूनच आवाज करावा, शेजाऱ्यांना उठवावे आणि वनविभागाला कळवावे.

वांदरांसाठी हे यंत्र फारसे कामाचे नाही. ते दिवसा, उन्हात आणि झाडाच्या शेंड्यावरून येतात.

तारेच्या जाळीचे कुंपण असेल, तर कंपनाचे यंत्र खांबाला न बांधता दोन खांबांच्या मधोमध जाळीला बांधावे. वारा सुटल्यावर ते वाजणार नाही इतपत त्याचा कान मंद करून घ्यावा. मृगाच्या वादळी पावसात हे यंत्र बंदच ठेवलेले बरे.

(३) विहिरीवरचा पंप

घर वर आणि विहीर खाली व्हाळाकाठी, अशी आपली पुष्कळ घरे. वीज अवेळी येते-जाते. पंप चालू राहिला की बंद पडला, हे बघायला चढ-उतार करावी लागते. मोटारीच्या बैठकीवर कंपनाचे यंत्र घट्ट बसवून त्याची वायर घरातल्या छोट्या दिव्याला जोडली, तर मोटार थरथरते आहे तोवर दिवा लुकलुकतो. मोटार बंद पडली की दिवाही थांबतो. घंटा थांबलेल्या गुरासारखेच हे. पाण्यात बुडवलेल्या पंपाला ही युक्ती लागू पडत नाही.

एक लक्षात घ्यावे. मोटार फिरते आहे एवढेच यातून कळते, पाणी येते आहे हे कळत नाही. विहीर आटून पंप कोरडा चालला तरी तो थरथरतोच. कोरड्या चालण्यापासून मोटार वाचवायची, तर त्यासाठी मिळणारे वेगळे संरक्षक यंत्र जाणत्या वायरमनकडून स्टार्टरवर बसवून घ्यावे. कंपन रोजच्यापेक्षा वाढले किंवा आवाज बदलला, तर बेअरिंग झिजले असेल किंवा बैठकीचे नट ढिले झाले असतील. मिस्त्रीला दाखवावे.

(४) माडावरचा सोंड्या भुंगा

सोंड्या भुंग्याची अळी माडाच्या खोडात राहून आतला गाभा कुरतडते. वरून झाड हिरवे दिसते आणि शेंडा कोलमडतो तेव्हा वेळ गेलेली असते. जुने बागायतदार खोडाला कान लावून कुरतडण्याचा आवाज ऐकतात. हाच आवाज आणि हेच कंपन यंत्राने टिपण्याचे प्रयत्न देशात आणि परदेशात चालू आहेत. पण लहान बागायतदाराने असे यंत्र विकत घेण्याची आज गरज नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक माडाच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाहावे. खोडाला भोके, त्यांतून तांबूस-तपकिरी चिकट रस, चघळलेल्या तंतूंचा भुसा, ही लक्षणे दिसताच कृषी अधिकाऱ्यांना बोलवावे. खोडाला कोयत्याच्या जखमा करू नयेत. त्या वासाने भुंगा येतो आणि तिथेच अंडी घालतो.

(५) घरात एकटे राहणारे वडीलधारे

मुले मुंबईला, घरी आई किंवा वडील एकटे, अशी घरे आपल्या गावागावांत आहेत. रात्री न्हाणीत पाय घसरला तर सकाळपर्यंत कोणाला कळत नाही. इथे चाहूलयंत्राचा उलटा उपयोग करता येतो. आई रोज पहाटे उठून चुलीपाशी जाते. स्वयंपाकघरात चाहूलयंत्र लावले आणि सकाळी आठपर्यंत तिथे काहीच हालचाल झाली नाही, तर मुलाच्या मोबाईलवर निरोप जावा, अशी व्यवस्था आज होऊ शकते. मात्र त्यासाठी घरात इंटरनेट आणि त्याला जोडता येणारे यंत्र हवे. नेट नसलेल्या ठिकाणी शेजारच्या घरापर्यंत वायर ओढून एक छोटा दिवा लावावा. सकाळी तो लागला की शेजारणीने समजावे, काकी उठल्या. लागला नाही तर हाक मारावी.

यात चार गोष्टी पाळाव्यात.

१) आधी त्या माणसाला विचारावे. त्याच्या घरात त्याला न सांगता यंत्र लावू नये. कॅमेऱ्यापेक्षा हे यंत्र बरे, कारण ते फक्त हालचाल टिपते, चित्र घेत नाही. हे समजावून सांगितले की म्हातारी माणसेसुद्धा आनंदाने तयार होतात.

२) घरात मांजर असेल तर सावध राहावे. आजी पडलेली असेल आणि मांजर चुलीपाशी फिरेल, तर सगळे ठीक असल्याची खोटी खूण मिळेल. अशा घरात हालचालीच्या यंत्राऐवजी, रोज उघडायच्या मांडणीच्या किंवा कपाटाच्या दारावर कंपनाचे यंत्र बसवावे. मांजर कपाट उघडत नाही.

३) निरोप मुंबईला गेला तरी मुंबईचा माणूस दहा मिनिटांत पोहोचणार नाही. घराची किल्ली शेजारी एकाकडे असावी आणि त्याचा नंबर मुलाकडे.

४) यंत्र लावले म्हणून रोजचा फोन बंद करू नये.

मुख्य धोका : यंत्राला विजेची तार जोडू नका

बंधूंनो, हा भाग दोनदा वाचावा.

काही जण म्हणतात, “जनावर आल्यावर घंटा कशाला? कुंपणातच करंट सोडू.” घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवरून कुंपणाच्या तारेत वीज सोडणे हा गुन्हा आहे. ती चाहूलयंत्रातून ठरावीक वेळीच सोडली, तरीही तो गुन्हाच. वर सांगितले तसे, यंत्र डुक्कर आणि माणूस यांत फरक करत नाही. पहिल्या पावसात रात्री कुर्ल्या पकडायला व्हाळाकाठी आपलीच पोरे फिरतात. चुकलेले गुरू शोधायला शेजारी येतो. पहाटे घरचाच माणूस पाणी लावायला जातो. ओल्या जमिनीवर उभ्या माणसाचा हात त्या तारेला लागला, तर दुसरी संधी मिळत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून लागू आहे. गवा आणि हत्ती त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाखाली आहेत. तारेत वीज सोडणे, फासकी लावणे किंवा गावठी बॉम्ब पेरणे यांमुळे जनावर मेले तर तुरुंगवास होऊ शकतो. माणूस मेला तर दोन घरे उद्ध्वस्त होतात, त्याचे आणि तुमचे.

सौर कुंपण ही गोष्ट वेगळी. प्रमाणित सौर कुंपणातील यंत्र बॅटरीवर चालते आणि सेकंदा-दीड सेकंदाला एक अगदी क्षणिक झटका देते. जनावर दचकते, मरत नाही. ते घ्यायचे तर प्रमाणित यंत्रच घ्यावे, धोक्याची पाटी लावावी आणि त्याला घरची लाइन कधीही जोडू नये. पिकाचे नुकसान झाले असेल तर लगेच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज द्यावा. हाच सरळ मार्ग आहे.

किनाऱ्यावरची विशेष काळजी

मालवण, देवगड आणि वेंगुर्ले पट्ट्यातली खारी हवा लोखंड आणि तांबे दोन्ही खाते. उघड्यावर ठेवलेले यंत्र एक पावसाळाही धड काढत नाही. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१) यंत्र झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात बसवावे. वायर डब्याच्या खालून आत घ्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला थोडा झोळ द्यावा, म्हणजे पाणी वायरवरून आत न जाता झोळावरून खाली गळते.

२) जोड उघडे ठेवू नयेत. लोखंडी स्क्रूऐवजी न गंजणारे वापरावेत.

३) बाहेरच्या यंत्राला बारा व्होल्टची बॅटरी वापरावी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात किनाऱ्यावरच्या गावांत वीज गेली, ती काही ठिकाणी अनेक दिवस आली नाही. अशा वेळी विजेवरचे यंत्र निरुपयोगी ठरते आणि गरज तर तेव्हाच जास्त असते.

४) घुमटावर पाल बसणे, कोळ्याचे जाळे आणि डब्यात मुंग्या, या तिन्हींमुळे यंत्र उगाच वाजते किंवा वाजतच नाही. आठवड्यातून एकदा मऊ कापडाने पुसावे.

आठ रात्रींची चाचणी

यंत्र लावल्याबरोबर त्याच्यावर भरवसा ठेवू नये. सुरू केल्यावर सुमारे एक मिनिट त्याला स्थिर होऊ द्यावे. मग एका माणसाने वाटेवरून आडवे चालावे आणि दुसऱ्याने कितव्या पावलाला घंटा वाजते ते मोजावे. हेच ओणवे होऊन, डुकराच्या उंचीने, पुन्हा करून पाहावे. मुले हसतील, हसू द्यावे.

पुढे आठ रात्री वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : किती वाजता वाजले, कशामुळे वाजले आणि सकाळी खुणा काय दिसल्या. उगाच वाजण्याचे प्रमाण जास्त असेल, तर जागा बदलावी किंवा स्क्रू फिरवून कान मंद करावा. दहा वेळा खोटे वाजणारी घंटा अकराव्या वेळी कोणी ऐकत नाही. मग ती असून नसल्यासारखीच.

लक्षात ठेवा

• खरेदीपूर्वी स्वतःला विचारा : मला काय हललेले कळायला हवे, की काय थांबलेले कळायला हवे?
• आधी वाटेवरचा दिवा, नंतर बाकी सगळे.
• उष्णतेचे यंत्र साप ओळखत नाही आणि भर उन्हात मंद होते.
• यंत्राला घंटा आणि दिवा जोडा. कुंपणाच्या तारेत वीज कधीही सोडू नका.
• एकट्या वडीलधाऱ्यांसाठी यंत्र, शेजारी आणि रोजचा फोन, तिन्ही हवेत.
• घंटा वाजली की उठणारा माणूस हवा.

यासंबंधी काही अडचण असल्यास आपल्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयाशी संपर्क साधावा. आपल्या वाडीत यंत्र लावून पाहिले असेल, तर आठ रात्रींच्या नोंदी कार्यक्रमाकडे जरूर पाठवाव्यात. त्या इतर शेतकऱ्यांना उपयोगी पडतील.